उजुंग कुलोन: क्राकाटोआ फुटला म्हणून जावन गेंडा वाचला, हे कितपत खरंय?

तन्मय_के

नमस्कार मंडळी. जावा बेटाच्या पार पश्चिम टोकाला उजुंग कुलोन नॅशनल पार्क आहे, त्याबद्दल कोणी जरा खोलात जाऊन सांगेल का? मी सध्या आशियातल्या गेंड्यांबद्दल जे मिळेल ते वाचतोय आणि जिथे बघावं तिथे तीच गोष्ट, की १८८३ ला क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला, त्सुनामीने किनाऱ्यावरची गावं धुऊन नेली, माणसं गेली, जंगल परत वाढलं आणि त्यामुळे जावन गेंडा वाचला. मला हे जरा जास्तच सोपं वाटतंय, कारण त्याला आता १४० वर्षं होऊन गेली आणि तेवढ्यात जावावरची लोकसंख्या कुठच्या कुठे गेली, मग एवढासा जमिनीचा तुकडा मोकळा कसा राहिला? दुसरं म्हणजे गेंड्यांचा आकडा. कुठे ७५ च्या वर सांगतात कुठे ५०, यातलं धरायचं काय? आणि जंगल एवढं छान परत आलं तर मग तिथला वाघ का नाही टिकला? लांबलचक उत्तर आलं तरी चालेल, सगळं वाचणार आहे.

कांदळवन

तन्मय, तुझी शंका बरोबर आहे. क्राकाटोआची गोष्ट खोटी नाहीये पण ती अर्धीच सांगितली जाते, आणि उरलेली अर्धी जास्त महत्त्वाची आहे असं माझं ठाम मत आहे.

आधी जागा कशी आहे ते बघ. जावाच्या नैऋत्य कोपऱ्यातून एक द्वीपकल्प समुद्रात घुसलंय, तीन बाजूंनी पाणी आणि मुख्य बेटाला जोडणारी फक्त एक अरुंद सखल पट्टी. पट्टीच्या पूर्वेला गुनुंग होंजेचे डोंगर, त्यांच्या पायथ्याला गावं आणि भातशेती. आजच्या पार्कमध्ये द्वीपकल्प, होंजेचा भाग, पेउचांग, हांदेउलेउम आणि पानाइतान ही बेटं, आजूबाजूचा समुद्र असं सगळं येतं. म्हणजे आत शिरायला जमिनीवरून एकच चिंचोळी वाट, बाकी सगळीकडून बोट लागते.

आता इतिहास. १८८३ च्या आधी हे काही निर्जन अरण्य नव्हतं, किनाऱ्याला वस्ती होती, शेती होती. त्याच्याही आधी १८०८ मध्ये डच गव्हर्नर जनरल डांडेल्सने इथे आरमारी बंदर बांधायचा घाट घातला होता, पश्चिम जावातल्या बांतेनच्या सुलतानाकडून वेठबिगारीला माणसं मागवली, ती तापाने पटापट मेली, आणखी माणसं द्यायवरून दोघांचं वाकडं आलं आणि शेवटी त्याच वर्षी डांडेल्सने बांतेनवर चढाई केली. बंदर काही झालं नाही. म्हणजे इथला ताप क्राकाटोआच्या बराच आधीपासून माणसाला लांब ठेवत होता, हे कुणी सांगतच नाही.

मग २७ ऑगस्ट १८८३. जावा आणि सुमात्राच्या मधल्या सुंदा सामुद्रधुनीच्या दोन्ही काठांवर मिळून ३६ हजारांच्या वर माणसं गेली, बहुतेक सगळी लाटांनी. उजुंग कुलोनच्या किनाऱ्यावरची गावंही गेली आणि तिथे पुन्हा तशी मोठी वस्ती उभी राहिली नाही. इथपर्यंत गोष्ट खरीये.

पण पुढचं बघ. त्या काळात गेंडा जावाच्या पश्चिमेला आणि मध्य भागात इतरही ठिकाणी होता. अठराव्या शतकात तर शेतीची नासधूस करतो म्हणून डच सरकारने त्याच्यावर इनाम लावलं होतं आणि दोनेक वर्षांत ५०० च्या वर गेंड्यांचं इनाम वाटलं गेलं, एवढे होते ते. नंतर चहा-कॉफीचे मळे आले, बंदुका आल्या, शौकाची शिकार आली आणि एकेक जंगल रिकामं होत गेलं. उजुंग कुलोनच्या बाहेरचा जावावरचा शेवटचा नोंद असलेला गेंडा १९३४ मध्ये तासिकमलायाच्या बाजूला मारला, तो पेंढा भरून बोगोरच्या प्राणिशास्त्राच्या म्युझियममध्ये ठेवलाय.

मग उजुंग कुलोनचेच का उरले? कारण १९२१ मध्ये नेदरलँड्स इंडीजच्या निसर्ग संरक्षण सोसायटीच्या आग्रहाने हा भाग राखीव झाला, क्राकाटोआची बेटंही त्यातच. १९३७ ला दर्जा बदलला, स्वतंत्र इंडोनेशियात १९५८ ला परत कडक राखीव केलं, १९६७ ला होंजेचा भाग जोडायला सुरुवात, १९९१ ला जागतिक वारसा यादीत आणि १९९२ ला रीतसर नॅशनल पार्क. ज्वालामुखीने जागा रिकामी करून दिली हे कबूल, पण ती रिकामी ठेवायचं काम माणसांनी केलं, कागदावर आणि पायी गस्त घालून, आणि जिथे ते केलं नाही तिथे गेंडा संपला.

अनुजा_जी

कांदळवन दादांनी इतिहास मस्त मांडलाय. मी पशुवैद्यकातली आहे, वन्यजीव हा आवडीचा विषय, त्यामुळे प्राण्यांच्या बाजूने लिहिते.

क्राकाटोआच्या गोष्टीत अजून एक मुद्दा राहून जातो. जावन गेंडा गवत खाणारा नाही, तो झुडपं, रोपटी, कोवळ्या फांद्या खातो, छोटी झाडं अंगाने वाकवून मोडून शेंड्याची पानं खातो. त्याला जुनं दाट उंच जंगल नको असतं, त्याला हवं असतं मधेमधे ऊन पडणारं, नव्याने वाढणारं रान, शिवाय लोळायला चिखल आणि जवळ पाणी. म्हणजे स्फोटानंतर मोडलेल्या किनाऱ्यावर आणि सोडून दिलेल्या शेतांवर जे नवं रान उगवलं ते त्याच्या सोयीचं होतं. पण तेच रान आता म्हातारं झालंय! त्यात लांगकाप नावाचा एक ताड आहे, आरेंगा जातीतला, तो एवढा माजलाय की त्याच्या सावलीत खाली काही उगवतच नाही. बाहेरून बघणाऱ्याला हिरवंगार जंगल दिसतं आणि गेंड्याच्या दृष्टीने ते रिकामं ताट असतं. म्हणून होंजेच्या बाजूला सुमारे ५ हजार हेक्टरचं एक खास क्षेत्र आखलं, २०१० च्या आसपास काम सुरू झालं, गावातल्याच लोकांना मजुरी देऊन लांगकाप तोडला, पाणवठे नीट केले, मग मोकळ्या केलेल्या जागी खाद्याची रोपटी वर आली आणि गेंडे तिकडे फिरकायला लागले. जंगलात झाडं तोडणं हेही संवर्धन असू शकतं, हे लोकांना पटवून देणं फार अवघड जातं.

दुसरं, बांटेंग. ही जावातली रानटी गुरं, देखणा प्राणी आहे, स्वतःच धोक्यात आलेला, पण इथे त्यांची संख्या चांगली आहे आणि गेंड्याच्या खाण्यात ती वाटेकरी होतात असा संशय बऱ्याच वर्षांपासून आहे. पूर्वी त्यांच्यावर वाघाचा वचक होता. आता बिबट्या आहे, कोळसून आहेत, पण पूर्ण वाढलेला बांटेंग हे काही त्यांचं रोजचं भक्ष्य नाही.

आणि तन्मय, वाघाचं उत्तर इथेच आहे. गेंड्याला थोड्या जागेत भागवता येतं, वाघाला नाही. उजुंग कुलोनमध्ये वाघ १९६० च्या दशकापर्यंत होता, त्याच सुमाराला सांबराच्या जातीतली हरणं रोगाने घटली, बाहेरच्या वाघांशी संपर्क तुटलेला, मग एवढ्याशा द्वीपकल्पात उरलेले थोडे वाघ किती पिढ्या काढणार? पूर्व जावात मेरू बेतिरीला १९७० च्या दशकापर्यंत खुणा मिळत होत्या, मग तेही संपलं. आजही उजुंग कुलोनमध्ये रुपेरी गिबन आहे, सुरिली माकड आहे, पिसोरी आहे, बिबट्या आहे, ही यादी मोठी आहे आणि त्यांच्यासाठीही हा पार्क तितकाच महत्त्वाचा आहे, पण वाघ गेला तो गेलाच.

दर्यावर्दी

मी बोटीवर नोकरीला असल्यामुळे सुंदा सामुद्रधुनीतून जाणं झालंय, तो परिसर डोळ्याखालचा आहे म्हणून थोडं जोडतो. क्राकाटोआ ही संपलेली गोष्ट नाहीये मित्रांनो. १९२७ मध्ये त्याच ठिकाणी समुद्रातून नवा ज्वालामुखी वर यायला लागला, अनाक क्राकाटाउ, आणि २२ डिसेंबर २०१८ च्या रात्री त्याची एक बाजू ढासळून समुद्रात गेली. भूकंप नाही काही नाही, त्यामुळे इशाराच मिळाला नाही, लाट आली आणि ४०० च्या वर लोक गेले, त्यात या पार्कचे दोन कर्मचारीही होते. आधी ३३८ मीटर असलेला डोंगर नंतर ११० च्या आसपास उरला. गेंडे वाचले, कारण ते बहुतेक दक्षिणेच्या बाजूला असतात आणि लाट उत्तरेकडून आली. पण जगातले सगळेच्या सगळे जावन गेंडे एका जिवंत ज्वालामुखीच्या टप्प्यात, समुद्रसपाटीच्या जवळ राहतात हे लक्षात घ्या. सगळे म्हणजे सगळे, जगात दुसरीकडे एकही नाही.

जाता जाता अजून एक, पानाइतान बेटावर रक्सा डोंगरावर शिव आणि गणपतीच्या जुन्या मूर्ती सापडलेल्या आहेत. म्हणजे हा जलमार्ग किती जुना आणि किती वाहता असेल बघा.

तन्मय_के

अरे वा, एवढं सविस्तर येईल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार तिघांचे. गणपतीचं तर माहीतच नव्हतं. पण आकड्याचं राहिलं ना, ७५ का ५०? आणि चोरट्या शिकारीची बातमी वाचली होती ती नक्की काय आहे, कारण मधे बरीच वर्षं तिथे शिकार बंद झालीये असंच लिहिलेलं असायचं.

सह्याद्रीकर

हे मी सांगतो कारण यावर माझा जीव फार तुटतो.

१९६७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल आणि लोटे शेंकेल या स्विस जोडप्याने पावलांच्या ठशांवरून मोजणी केली तेव्हा जेमतेम २५ च्या आसपास गेंडे निघाले. त्यानंतर पहारा वाढला आणि ऐंशीच्या सुरुवातीपर्यंत संख्या साधारण दुप्पट झाली, विचार करा, फक्त राखण नीट केली तर एवढा फरक. मग १९८१-८२ च्या सुमाराला पाच गेंडे थोड्या काळात मेलेले सापडले, रोगाचा संशय, आणि नंतर कित्येक वर्षं आकडा पन्नाशीच्या आसपासच अडकून राहिला. १९९८ पासून खास गेंडा संरक्षण पथकं पायी गस्त घालायला लागली, फास काढायचे, बोटी अडवायच्या. पुढे व्हिडिओ कॅमेरे झाडांना लावले आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, कानाचे व्रण, शिंगाचा आकार यावरून एकेक गेंडा ओळखून त्याला नाव आणि नंबर द्यायची पद्धत बसली. त्यातून आकडा सत्तरीच्या वर गेला, २०१९ ला ७२ सांगत होते, आणि सगळ्यांना वाटलं चला, जमलं.

इथे घात झाला. २०२३ मध्ये ऑरिगा नुसांतारा या इंडोनेशियन संस्थेने रिपोर्ट काढून सांगितलं की सरकारी यादीतल्या ७६ पैकी १८ गेंडे कॅमेऱ्यात दिसायचेच बंद झालेत, म्हणजे जे दिसत नाहीत तेही जिवंत धरून आकडा चढवला जातोय. त्यावर आधी नाराजीच झाली. आणि मग २०२४ मध्ये बांतेन पोलिसांनी शिकाऱ्यांच्या टोळ्या पकडल्या, त्यांच्या जबानीवरून २०१९ ते २०२३ या काळात २६ गेंडे मारले गेल्याचं पुढे आलं. सव्वीस! जगातल्या एकूण संख्येच्या एक तृतीयांश, तेही पार्कच्या शेजारच्याच लोकांनी, गावठी बंदुकांनी. एकाला १२ वर्षांची शिक्षा झाली. आता ५० च्या आसपास धरतात. म्हणजे तन्मय, दोन्ही आकडे तू योग्यच वाचलेस, मधे हे घडलंय.

आणि या जातीत ठळक शिंग फक्त नरालाच असतं, मादीला नसतं किंवा नुसता उंचवटा असतो, म्हणजे शिंगासाठी गोळी घालणारा नरच शोधणार. पन्नासातले नर असे गेले तर पुढच्या पिढीचं काय होणार ते वेगळं सांगायला नको. मादीला एका वेळी एकच पिल्लू, पोटात जवळजवळ १६ महिने, मग पुढच्या पिल्लाला कितीतरी वर्षं. पाच वर्षांत गमावलेलं भरून यायला दोन-तीन दशकं जातील, तीही सगळं सुरळीत चाललं तर.

व्हिएतनामचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. काट तिएन नॅशनल पार्कमध्ये याच जातीचे गेंडे १९८८ ला नव्याने समजले, जगभर आनंद झाला. पार्क होता, कायदा होता, बाहेरचे पैसे होते. २०१० मध्ये शेवटची मादी मेलेली सापडली, पायात गोळी आणि शिंग कापून नेलेलं. म्हणून मी म्हणतो की आता थांबायला वेळ नाही, काही गेंडे दुसरीकडे हलवून दुसरी वसाहत केलीच पाहिजे. पश्चिम जावातल्याच चिकेपुह अभयारण्याचं नाव किती वर्षं घेतलं जातंय. सगळी अंडी एका टोपलीत आणि टोपली ज्वालामुखीच्या शेजारी, हे किती दिवस चालू द्यायचं?

अनुजा_जी

सह्याद्रीकर, तुमची तळमळ कळते आणि दुसरी वसाहत हवी हे मलाही मान्य आहे, पण "हलवलेच पाहिजेत" इतकं ते सरळ नाही हो. या गेंड्याला सांभाळण्याचा अनुभव आज जगात कोणाकडेच नाही. बंदिवासातला शेवटचा जावन गेंडा अॅडलेड झूमध्ये १९०७ ला मेला, आणि तोही भारतीय गेंडा म्हणून दाखवला जात होता. दोन टनांपर्यंत जाणारं जनावर, दलदलीच्या रानात भूल द्यायची, ते चिखलात कोसळलं तर तिथेच गुदमरू शकतं, भूल दिल्यावर अंग तापणं, नंतरचा ताण, यातलं काहीही बिघडलं तर पन्नासातला एक गेला.

सुमात्रन गेंड्याचं काय झालं ते आठवा. १९८४ पासून पुढच्या बारा वर्षांत ४० पकडले, पैदास करायला, आणि बहुतेक सगळे पिल्लू न देताच मेले. खाणं चुकलं, जोड्या जुळवणं चुकलं. २००१ ला अमेरिकेतल्या सिनसिनाटी झूमध्ये पहिलं पिल्लू जन्मलं, त्याचं नाव अंदालास, त्याला पुढे सुमात्राला नेलं आणि २०१२ ला त्याच्यापासून तिथल्या वाय कांबास नॅशनल पार्कमध्ये अंदातू झाला, म्हणजे मार्ग सापडला, पण त्यासाठी किती जीव गेले. तो अनुभव आज हाताशी आहे ही जमेची बाजू. तरी माझ्या मते क्रम असा हवा की आधी बंदुका थांबवा, होंजेचं क्षेत्र कुंपण घालून नीट चालवा, तिथे एखादी जोडी जवळून सांभाळून शिका, आणि मग चिकेपुह किंवा जे काही असेल ते. आज घाईत नेले आणि तिथेही पहारा ढिला असला तर शिकाऱ्याला दोन पत्ते मिळतील.

सह्याद्रीकर

ताई, क्रम मान्य. पण "आधी हे मग ते" करताकरता चाळीस वर्षं गेली ना, १९८१-८२ च्या मृत्यूंनंतरही दुसऱ्या जागेची चर्चा होतीच. रक्ताचं नातं जवळ येत चाललंय, सगळे एकाच छोट्या गटातले. प्रत्येक दशकाची किंमत असते. जागा तयार करायचं काम तरी आत्तापासून समांतर चालू हवं, एवढं तरी माना.

अनुजा_जी

समांतर, हे अगदी मान्य.

कांदळवन

शेजारच्या गावांबद्दल एक बोलू का. शिकार करणारे गावातले होते हे खरं, पण लांगकाप तोडणारे, कॅमेरे बसवायला खांद्यावर सामान वाहून नेणारे, गस्तीच्या पथकात रात्र रात्र जागणारेही त्याच गावांतले आहेत. होंजेच्या हद्दीवरून लोकांचं आणि पार्कचं भांडण जुनं आहे, कित्येकांची शेतं हद्दीच्या आत पडली. ज्याचं पोट पार्कमुळे भरतं तो बंदूकवाल्याची खबर देतो, हा साधा हिशोब आहे. मजुरीचं काम प्रोजेक्ट असेपर्यंत चालतं आणि फंड संपला की थांबतं, तिथेच मला खरी मेख वाटते. नुसती पोलिसांची संख्या वाढवून हे सुटणार नाही.

तन्मय_के

हे वाचून काल रात्रभर तेच डोक्यात होतं. दोन छोटे प्रश्न आणि मग थांबतो. एक, तिथे जायचं म्हटलं तर जाता येतं का, आणि बाहेरच्यांनी जावं का? दोन, ते ८१-८२ चे मृत्यू नक्की कशाने झाले आणि तसं परत होऊ शकतं का?

दर्यावर्दी

जाता येतं, पण सगळीकडे नाही. रस्त्याने लाबुआन, तिथून सुमुर किंवा तामान जाया आणि पुढे बोट. शिकारीचं प्रकरण बाहेर आल्यापासून द्वीपकल्पाच्या गाभ्यात सोडण्याबाबत कडक झालेत, त्यामुळे काय उघडं आहे ते पार्कच्या ऑफिसला विचारूनच ठरव, बोटवाला नेतो म्हणाला तरी नाही. गेंडा दिसेल या आशेने तर जाऊच नको, तिथे आयुष्य काढलेल्या गार्डलोकांनाही तो क्वचित दिसतो. पण होंजेच्या बाजूला गावातला गाईड घेऊन गिबनचे आवाज ऐकायला सकाळी निघ, मुक्काम गावातच कर, पैसे तिथेच राहू देत. कांदळवन भाऊ म्हणतात त्या हिशोबात तेवढीच भर.

अनुजा_जी

मृत्यूंचं कारण तेव्हा पक्कं सिद्ध झालं नाही, काळपुळी किंवा घटसर्पाचा संशय होता. दोन्ही गुराढोरांचे रोग. आजचा धोका तोच आहे, होंजेच्या पायथ्याला गावांच्या म्हशी चरतात, त्या जंगलाच्या कडेने आत जातात, एकाच पाण्यात एकाच चिखलात लोळणं होतं. त्यात सर्रा या आणखी एका गुरांच्या रोगाची भर, तो रक्त पिणाऱ्या माश्यांमधून पसरतो म्हणजे म्हैस आणि गेंडा समोरासमोर यायचीही गरज नाही. उपाय कंटाळवाणे आहेत पण तेच लागतात, म्हशींचं लसीकरण दरवर्षी न चुकता, रक्ताचे नमुने तपासणं, आजारी जनावर कळवलं तर मालकाचं नुकसान भरून देणं, नाहीतर तो कळवणारच नाही, आणि म्हशी आत जाणार नाहीत असं कुंपण. घटसर्प आणि काळपुळी दोन्हींवर लस आहे. सर्रावर नाही, तिथे तपासणी आणि औषधोपचार एवढंच हातात असतं, म्हणून मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते.